प्रिटेंडर : दावेदार की तोतया?

‘पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लंपास.’ हे वाक्य मी आजवर किती वेळा लिहिलं असेल, हिशेब नाही. गाव बदलतं, दागिन्यांचं वजन बदलतं, वाक्य तेच राहतं. तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करणाऱ्या कुणालाही विचारा, ‘बतावणी’ हा शब्द त्याच्या बोटांतून आपोआप उतरतो.

परवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने इंग्रजीतली शंका विचारली. शाळेत ‘प्रिटेंड’ म्हणजे ढोंग करणे, बतावणी करणे असं शिकवलं होतं. मग पुस्तकात ‘प्रिटेंड टू द थ्रोन’ असं दिलंय, ते काय? सिंहासनापुढे नाटक करायचं की काय? शंका रास्त आहे. उत्तर शोधायला गेलं तर व्याकरणाचं बोट धरून आपण थेट सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या लंडनच्या राजवाड्यात पोचतो, आणि तिथून, विश्वास ठेवा, पुरंदरच्या किल्ल्यावर. म्हणून जरा ऐसपैस लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी व्याकरण उरकून घेऊ. ‘प्रिटेंड टू बी किंग’ म्हणजे राजा असल्याचा आव आणणे. इथे ‘टू’च्या पुढे क्रियापद आहे. ‘प्रिटेंड टू द थ्रोन’ म्हणजे गादीवर हक्क सांगणे. इथे ‘टू’च्या पुढे नाम आहे. दिसायला दोन्ही ‘टू’ सारखेच, पण एक माणसाला सोंगाड्या करतो आणि दुसरा वारसदार. पहिल्या वाक्यातला माणूस खोटा आहे हे गृहीतच आहे. दुसऱ्यातला खरा असेल वा नसेल, त्याने फक्त दावा मांडलाय. आपल्या मराठीत ही गफलत होत नाही. ‘राजा असल्याचा आव आणला’ आणि ‘गादीवर दावा सांगितला’ यांत एक शब्दही समान नाही.

मूळ शब्द लॅटिन. ‘प्रे’ म्हणजे पुढे, ‘टेंडेरे’ म्हणजे ताणणे. पुढे ताणून धरणे, समोर करणे. आता आपल्याकडचं ‘पुढे करणे’ आठवा. ‘हक्क पुढे केला’ असंही आपण म्हणतो आणि ‘आजारपण पुढे केलं’ असंही म्हणतो. पहिल्यात दावा आहे, दुसऱ्यात सबब. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या या शब्दाचं नेमकं हेच झालं. चौदाव्या-पंधराव्या शतकापासून इंग्रजीत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. फ्रेंचमध्ये दाव्याचा अर्थ आजही ठणठणीत आहे. पोर्तुगीजमध्ये तर हाच शब्द ‘बेत असणे, इच्छा असणे’ अशा साध्या अर्थाने चालतो, गोव्यातल्या जुन्या पिढीला हे सांगायला नको. मुलांच्या भातुकलीतलं ‘लेट्स प्रिटेंड’ हे फार नंतरचं, एकोणिसाव्या शतकातलं.

जोवर दोन अर्थ शेजारी आहेत तोवर शब्द बोलणाऱ्याच्या सोयीचा असतो. दावा म्हणून वापरायचा आणि ऐकणाऱ्याच्या कानात ढोंग पोचवायचं. इंग्रजांच्या राजकारणाने हेच केलं, आणि तेही एका तान्ह्या बाळाच्या बाबतीत.

१० जून १६८८. लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यात दुसऱ्या जेम्स राजाला मुलगा झाला. आनंदाची गोष्ट, पण अर्ध्या देशाच्या पोटात गोळा आला. राजा कॅथलिक, राणी मेरी ऑफ मोडेना कॅथलिक, प्रजा बहुतेक प्रोटेस्टंट. तोवर लोक थांबून होते, कारण राजाच्या आधीच्या पत्नीच्या दोन मुली, मेरी आणि अॅन, प्रोटेस्टंट होत्या. म्हाताऱ्यामागे मुलगी गादीवर येईल, तेवढी वर्षं कळ काढू असा हिशेब होता. मुलगा झाल्याने तो कोसळला.

मग कुजबुज सुरू झाली. हा राणीचा मुलगा नाहीच. बिछाना उबदार करण्यासाठी निखारे भरून फिरवायचं लांब दांड्याचं, झाकणाचं एक भांडं असे. त्या भांड्यात घालून कुणाचं तरी पोर राणीच्या खोलीत आणलं, असं लोक बोलू लागले. त्या भांड्यात बाळ मावेल का, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. अफवेला मापं लागत नाहीत. बाळाची सावत्र बहीण अॅन बाळंतपणाच्या वेळी बाथ गावी होती, आणि तिच्या पत्रांतूनही संशयच डोकावतो.

राजाने काय केलं? २२ ऑक्टोबर १६८८ ला खास दरबार भरवून चाळीसहून अधिक लोकांच्या साक्षी नोंदवल्या. सरदार, सरदारणी, डॉक्टर, दाई. बाळंतपणाच्या खोलीत कोण कुठे उभं होतं, कुणी काय पाहिलं, सगळं बयाण कागदावर आलं. एका बाईचं बाळंतपण देशापुढे पुरावा म्हणून मांडावं लागलं. उपयोग शून्य. ज्यांना पटवून घ्यायचं नव्हतं त्यांनी घेतलं नाही. दोनच आठवड्यांनी, ५ नोव्हेंबरला, थोरला जावई ऑरेंजचा विल्यम डच फौज घेऊन टॉरबेला उतरला. डिसेंबरात राजा फ्रान्सला पळाला, बाळही फ्रान्सला गेलं. विल्यम आणि मेरी गादीवर बसले.

आता शब्दाची रूपं बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. गंमत म्हणतोय खरा, पण यात माणसांच्या नोकऱ्या गेल्यात.

नव्या राजवटीने १६८९ मध्ये हक्कांचा प्रसिद्ध कायदा केला. त्यात पार्लमेंटच्या संमतीवाचून कायदे स्थगित करण्याच्या राजाच्या अधिकाराला ‘प्रिटेंडेड पॉवर’ म्हटलंय. राजा तो अधिकार उघड उघड सांगत होता, लपूनछपून काही नव्हतं. म्हणजे इथे अर्थ ‘सांगितला जाणारा, पण नसलेला’. एवढं ठीक आहे. एखाद्या अधिकाराला अब्रू नसते.

१७०१ साली पळालेला राजा फ्रान्समध्ये वारला आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईने त्याच्या मुलाला इंग्लंडचा राजा म्हणून मान्यता दिली. पोरगा तेरा वर्षांचा. १७०२ मध्ये लंडनच्या पार्लमेंटने कायदा करून त्याला राजद्रोही ठरवलं. खटला नाही, साक्ष नाही, सरळ कायदाच. त्या कायद्याच्या नावातच मुलाचा उल्लेख ‘प्रिटेंडेड प्रिन्स ऑफ वेल्स’ असा आहे. हे कर्मणी रूप आहे, म्हणजे ‘राजपुत्र म्हणवला गेलेला’. कुणी म्हणवलं? आईबापांनी. पोराने स्वतः काहीच केलेलं नाही, पाळण्यातलं मूल काय आव आणणार? पण ती निखाऱ्याच्या भांड्याची अफवा या एका रूपातून बिनबोभाट कायद्यात जाऊन बसली. कायद्यात कुठेही ‘हे पोर बदललेलं आहे’ असं लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर सिद्ध करावं लागलं असतं.

त्याच वर्षी सरकारी अधिकारी, पाद्री, वकील, विद्यापीठातले शिक्षक यांना एक शपथ घेणं सक्तीचं झालं. तिचा आशय असा : जेम्स राजा हयात असताना जो राजपुत्र म्हणवला जात होता आणि त्याच्या मृत्यूनंतर जो स्वतःला राजा म्हणवून घेतो, त्या इसमाला या राज्यावर कसलाही हक्क नाही. मूळ इंग्रजीत आधी ‘प्रिटेंडेड’ आहे आणि मग ‘प्रिटेंडिंग’. एकाच वाक्यात कर्मणीतून कर्तरीत उडी. आधी दुसऱ्यांनी केलेलं सोंग, मग त्याने स्वतः घेतलेलं. शपथ घेतली नाही तर जागा जाणार. ज्यांची जीभ त्या वाक्यावर अडली त्यांनी पदं सोडली. पोटासाठी घेणारेही अर्थातच होते, ते सगळीकडे असतात.

तिसरं रूप १७०८ चं. मुलगा आता विशीला आलेला, फ्रेंच आरमार घेऊन स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उतरायच्या प्रयत्नात होता. तो फसला. तोवर गादीवर अॅन आली होती, तीच सावत्र बहीण. तिने पार्लमेंटपुढच्या भाषणात त्याला ‘प्रिटेंडर’ म्हटलं आणि तिथून हा शब्द त्याला चिकटला तो कायमचा. आता तो कर्तृवाचक नाम झाला. म्हणवला गेलेला, मग म्हणवून घेणारा, आणि शेवटी म्हणवून घेणं हीच ज्याची ओळख आहे असा. ज्या बहिणीने त्याला नाव दिलं, तिची स्वतःची गादी तो खोटा असण्यावरच उभी होती, हे विसरू नका.

त्याच्या माणसांसाठी तो तिसरा जेम्स होता. आणि ज्यांना दोन्हीकडून वाईट व्हायचं नव्हतं ते त्याला ‘शेव्हालिए’ म्हणायचे. कुंपणावर बसणाऱ्यांचीही स्वतंत्र शब्दसंपत्ती असते! समर्थकांची एक तऱ्हा तर फारच झकास. मेजवानीत राजाच्या नावाने पेला उंचावायची वेळ आली की ते आपला पेला पाण्याच्या भांड्यावरून फिरवत, म्हणजे समुद्रापलीकडच्या राजाला सलाम. तोंडाने नुसतं ‘राजाला’ म्हणायचे. आता खरं सोंग कोण करत होतं ते तुम्हीच ठरवा.

पुढचं भराभर सांगतो. १७१५ चं बंड फसलं. १७४५ मध्ये त्याचा मुलगा चार्ल्स स्कॉटलंडमध्ये उतरला, डर्बीपर्यंत आला, तिथून परत फिरला आणि १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर सगळं संपलं. त्याच्या डोक्यावर ३०,००० पौंडांचं इनाम होतं. स्कॉटलंडच्या डोंगरांतल्या गरीब माणसांपैकी कुणीही त्याला विकलं नाही. बापाला आता ‘ओल्ड प्रिटेंडर’ आणि मुलाला ‘यंग प्रिटेंडर’ म्हणू लागले होते. जणू घराण्याचं आडनावच. बाप १७६६ मध्ये रोममध्ये वारला, ६४ वर्षं राज्याविना राजा म्हणवून. धाकटा मुलगा हेन्री चर्चमध्ये कार्डिनल झाला. म्हातारपणी फ्रेंच फौजांमुळे त्याचं उत्पन्न बुडालं, तेव्हा त्याला वर्षाला ४,००० पौंड दिले ते कुणी? इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जने, ज्याच्या गादीवर या घराण्याचा दावा होता त्यानेच.

याच इंग्लंडात दोनशे वर्षं आधी अस्सल तोतयेही झाले होते. लँबर्ट सिमनेल नावाच्या सामान्य घरातल्या मुलाला काही सरदारांनी राजघराण्यातला मुलगा म्हणून उभं केलं आणि १६८८ नव्हे, १४८७ साली डब्लिनमध्ये त्याला चक्क राज्याभिषेक केला. हरल्यावर सातव्या हेन्रीने त्याला जिवंत ठेवला आणि शाही मुदपाकखान्यात कामाला लावला, मांस भाजण्याची सळई फिरवायला. इंग्रजी इतिहासाची पुस्तकं उघडा. हा सिमनेलही प्रिटेंडर आणि राजाच्या पोटी जन्मलेला तो जेम्सही प्रिटेंडर. एका डब्यात दोघे.

आता पुरंदर. घाईने जोडतोय असं वाटेल, पण तारखा बघा.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. काका राघोबादादा पेशवेपदावर बसले. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरवर नेलं आणि १८ एप्रिल १७७४ ला तिथे मुलगा झाला, सवाई माधवराव. लगेच राघोबादादांच्या बाजूने कुजबुज : हे मूल खरं कशावरून? गंगाबाईबरोबर आणखी काही गरोदर बायका गडावर नेल्या होत्या, मुलगी झाली तर बदलता यावी म्हणून, अशी वदंता ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदवून ठेवली आहे. लंडनमध्ये निखाऱ्याचं भांडं, पुरंदरवर गरोदर बायका. गादीच्या वारसाचा जन्म आणि त्यावर हितसंबंधी नातेवाइकांचा संशय. मामला अगदी तोच.

फरक शेवटात आहे. लंडनचं बाळ हरलं म्हणून जन्मभर प्रिटेंडर राहिलं. पुरंदरचं बाळ जिंकलं, म्हणजे त्याच्या बाजूचे कारभारी जिंकले, म्हणून ते पेशवा झालं. जन्माचा पुरावा लंडनच्या बाळाकडे कमी नव्हता. चाळीसहून अधिक साक्षी होत्या की!

आणि नेमकं त्याच काळात, १७७६ मध्ये, कोकणात एक माणूस उठला. पानिपतात १४ जानेवारी १७६१ ला पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असं तो सांगत होता. बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण, सुखनिधान किंवा सुखलाल अशी त्याची नावं सापडतात. थोरल्या माधवरावांच्या काळातच तो पकडला गेला होता, चौकशी होऊन किल्ल्यावर कैदेत पडला होता. रत्नागिरीच्या किल्लेदाराने, रामचंद्र नाईक परांजपे यांनी, त्याला सोडवून भाऊसाहेब म्हणून पुढे केलं आणि बघता बघता कोकणचा बराच मुलूख त्याच्यामागे गेला. लोक खुळे होते असं मला वाटत नाही. पानिपतात घरटी माणूस गेलेला. भाऊंच्या मृत्यूबद्दल प्रवाद होते. खुद्द पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नव्हतं, कुंकू पुसलं नव्हतं. जिथे पत्नीच वाट बघतेय, तिथे रयतेने वाट बघितली तर तिला हसायचं कसं? शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याच्या फौजेचा पाडाव केला, समुद्रमार्गे निसटताना तो रघूजी आंग्र्यांच्या हाती लागला आणि १७७६ च्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर आहे.

तर १७७६ साली मराठी मुलखात दोन माणसं एकाच वेळी सत्तेवर हक्क सांगत होती. एक राघोबादादा, दुसरा हा. राघोबादादांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केला, घरात दुफळी केली, त्यांच्यावर पुतण्याच्या खुनाचा ठपका आहे. लोकांनी त्यांना काय काय नाही म्हटलं. पण ‘तोतया’ कुणी म्हटलं नाही. कारण ते राघोबादादाच होते, त्यांचा दावा चुकीचा असेल, माणूस खोटा नव्हता. आणि कोकणातल्या त्या माणसाला कुणी दावेदार म्हणत नाही. प्रिटेंडर हा एक शब्द दोघांनाही बसला असता. मराठीला मात्र निवड करावी लागते, आणि निवड करायची म्हणजे आधी चौकशी करावी लागते.

इंग्रजांच्या कायद्याला ही अडचण ठाऊक होती. १७५७ मध्ये त्यांनी फसवून माल उकळण्याविरुद्ध कायदा केला, त्यातला शब्द ‘फॉल्स प्रिटेन्सेस’. ‘प्रिटेन्स’ म्हणजेच खोटं असेल तर पुढे ‘फॉल्स’ कशाला? कारण नुसतं ‘प्रिटेन्स’ म्हणजे अजूनही ‘पुढे केलेली गोष्ट’ एवढंच होतं. खोटेपणा वेगळा सिद्ध करायचा होता. १८६० च्या आपल्या भारतीय दंड संहितेतही तीच खबरदारी दिसते. सरकारी नोकर असल्याची बतावणी करणाऱ्याबद्दल कलम १७० होतं. तिथे ‘प्रिटेंड्स’ म्हटल्यावर लगेच ‘आपण त्या पदावर नाही हे माहीत असताना’ अशी जोड दिली आहे. नुसत्या ‘प्रिटेंड’वर माणसाला तुरुंगात घालायला ते तयार नव्हते. आता भारतीय न्याय संहितेत हे कलम २०४ झालंय, शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षं.

आणि आम्ही पत्रकार? फिर्याद दाखल झाली की रात्री नऊला मथळा तयार : ‘तोतया अधिकाऱ्यास अटक’. आरोपपत्र नाही, ओळखपत्राची तपासणी झालेली नाही, पण ‘तोतया’ छापून मोकळे. डेस्कवरचा माणूस म्हणेल, ‘कथित’ घातलं की मथळ्यात जागा पुरत नाही. अहो, पण त्या एका शब्दाने उद्या त्याच्या मुलाला शाळेत काय ऐकावं लागेल? राजकारणातही बघा. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने एकाच नावाचे दोन-दोन पक्ष पाहिले. खरे कोण यावर निवडणूक आयोग, विधानसभा अध्यक्ष, सर्वोच्च न्यायालय असा प्रवास झाला. तिथे भांडण दाव्याचं होतं. सभांमध्ये मात्र शब्द फिरला ‘नकली’. दोन्ही बाजूंची माणसं तीच होती जी तुम्ही-आम्ही वीस-पंचवीस वर्षं ओळखतोय. त्यातलं कुणी तोतया नव्हतं. कुणाचा दावा खरा यावर मत जरूर ठेवा, माझंही आहे. पण बातमीत ‘दावा’ लिहायचं की ‘नकली’, हा प्रश्न मताचा नाही.

जाता जाता एक. त्याच १८६० च्या संहितेत तोतयेगिरी करून ठकवण्याचं कलम ४१६ होतं. कायदेपंडितांनी त्याखाली समजावण्यासाठी उदाहरणं दिली आहेत. एक, नाव सारखं असल्याचा फायदा घेऊन आपण तो श्रीमंत सावकार आहोत असं भासवणारा. दुसरं, मेलेल्या माणसाचं नाव घेऊन वावरणारा. हे दुसरं वाचताना मला दर वेळी भाऊंचा तोतया आठवतो. आज तो सापडला असता तर बंडाची कलमं वेगळी लागली असती, पण नुसत्या तोतयेगिरीला न्याय संहितेचं कलम ३१९, जास्तीत जास्त पाच वर्षं किंवा दंड.